भांड्यांचा कोणता साबण चांगला? तुमच्याच मोरीत तपासून पाहा

सप्रेम नमस्कार,

आमच्याकडे बाटली भरून घ्यायला आलात की एक प्रश्न हमखास निघतो. विम, प्रिल, एक्सो की तुमचं सुटं लिक्विड, यातलं चांगलं कोणतं? आम्ही स्वतः लिक्विड बनवतो आणि विकतो. तेव्हा आमच्या तोंडून आलेल्या उत्तरावर डोळे झाकून विसंबू नका. स्वतः तपासायची एक रीत खाली देतो. साबणाच्या धंद्यात ती जुनीच आहे आणि तिला स्वयंपाकघराबाहेरचं काही लागत नाही.

ताटांची परीक्षा

एका मापाच्या दहा-पंधरा स्टीलच्या ताटल्या घ्या. प्रत्येक ताटलीला अर्धा चमचा तेल आणि अर्धा चमचा बेसन कालवून सारखं फासा आणि तासभर राहू द्या. टोपात २ लिटर पाणी घ्या, त्यात औषधाच्या मापाने ५ मिली लिक्विड घाला आणि हाताने खळबळून फेस काढा. आता त्याच पाण्यात घासणी बुडवून एकेक ताटली घासत जा. मध्येच वरून साबण घ्यायचा नाही. फेस बसून पाण्यावर तेलाचा तवंग दिसू लागला की थांबा आणि किती ताटल्या झाल्या ते मोजा. दुसऱ्या साबणाच्या वेळी पाणी, तेल, माप सगळं तेवढंच ठेवा, घासणी मात्र कोरी घ्या. वडी तपासायची असेल तर ५ ग्रॅम किसून घ्या.

मग हिशेब करा. समजा २०० रुपये लिटरच्या लिक्विडने १० ताटल्या झाल्या. ५ मिलीचा १ रुपया पडला, म्हणजे ताटलीला १० पैसे. १२० रुपये लिटरच्या लिक्विडने ४ झाल्या, तर ५ मिलीचे ६० पैसे आणि ताटलीला १५ पैसे. दिसायला स्वस्त असलेलं महाग पडलं. पाकिटावर हल्ली एमआरपीच्या जवळ ग्रॅमचा किंवा मिलीचा भावही छापलेला असतो. तो जरूर वाचा, पण किती भांडी निघाली हे कळल्याशिवाय तो अर्धाच हिशेब आहे.

आता या परीक्षेत फेस का पाहायचा? साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. तेल जसजसं वाढतं तसतसे कण तेल धरण्यात गुंततात, फेस उभा ठेवायला मोकळे उरत नाहीत. म्हणून ओशट पाण्यात टिकलेला फेस काहीतरी सांगतो. नुसत्या स्वच्छ पाण्यात उसळलेला फेस काहीच सांगत नाही. दुकानात बाटली हलवून फेस बघणाऱ्यांना आम्ही हे दर वेळी सांगतो.

दाटपणाला भुलू नका

ही गोष्ट आम्हाला मनापासून सांगायची आहे, कारण इथेच गिऱ्हाईक सर्वांत जास्त फसतं. लिक्विड दाट म्हणजे कडक, असं बहुतेकांना वाटतं. लिक्विडमध्ये काम करतं ते मुख्यतः दोन मालांमुळे: एक ॲसिड स्लरी, म्हणजे डिटर्जंटचा आंबट, दाट कच्चा माल, जी कॉस्टिक सोड्याने मारून (तिचं आम्ल घालवून) वापरतात, आणि दुसरा एसएलईएस, म्हणजे सोडियम लॉरेथ सल्फेट हा फेसाळ डिटर्जंट. हा माल थोडा कमी घालून वर मीठ वाढवलं तरी लिक्विड मधासारखं दाट होतं. साधं, जेवणातलं मीठ. मीठ आम्हीही घालतो, कारण अगदी पातळ लिक्विड घासणीवर ठरत नाही, भसकन ओतलं जातं. पण दाटपणा मिठाचा आणि ताकद मालाची, हे लक्षात असू द्या. रंग आणि लिंबाचा वास यांचंही तेच. तेल त्याने निघत नाही.

वडी की लिक्विड?

बहुतेक वड्यांत डिटर्जंटबरोबर धुण्याचा सोडा आणि दगडाची बारीक भुकटी असते. त्यामुळे करपलेलं पातेलं, काळा पडलेला तवा, तळणाची कढई यांना वडीच बरी. यात आमचं लिक्विड मागे पडतं आणि ते आम्ही कबूल करतो. पण तीच भुकटी काचेवर आणि नॉनस्टिकवर चरे पाडू शकते, आणि सोड्याने हात कोरडे पडतात, बोटांना भेगा पडतात. दिवसाला चार घरची भांडी घासणाऱ्या ताईंचे हात पाहा म्हणजे कळेल. त्यांच्यासाठी लिक्विड किंवा हातमोजे घरात ठेवा, अशी आमची कळकळीची विनंती आहे. वडी वापरत असाल तर तिला भोकाच्या डबीत ठेवा. पाण्यात बसलेल्या वडीचा लगदा होतो आणि निम्मी मोरीतून वाहून जाते.

आपल्या सोलापुरात बऱ्याच घरी बोअरचं जड पाणी येतं. खरा साबण, म्हणजे तेल आणि कॉस्टिकचा, अशा पाण्यात फुटतो आणि भांड्यावर करडा थर बसतो. भांड्यांच्या वड्या आणि लिक्विड हे डिटर्जंट असल्याने तसं होत नाही, तरी ॲसिड स्लरीचा जोर जड पाण्यात कमी पडतो. एसएलईएस तिथे जास्त टिकतं. म्हणून बोअरच्या घरांसाठीच्या कॅनमध्ये आम्ही ते जास्त घालतो. घेताना पाणी कुठलं आहे तेवढं सांगा. वाळल्यावर स्टीलवर पांढरे डाग दिसले तर तो साबण नव्हे, पाण्यातला चुना आहे. लिंबाची फोड फिरवा किंवा भांडं लगेच पुसून घ्या.

साबण लागतच नाही अशी कामं

भाकरीच्या पिठाची परात आणि दुधाचं पातेलं आधी गार पाण्यात भिजवा. गरम पाण्याने दूध आणि पीठ आणखी घट्ट बसतं. तांब्या-पितळेवरचा काळा-हिरवा थर डिटर्जंटने हलत नाही, त्याला आंबट हवं: चिंच, लिंबू नाहीतर पितांबरीसारखी पावडर. मात्र कल्हईच्या भांड्याला आतून चिंच किंवा तारेची घासणी लावू नका, कल्हई जाते. ॲल्युमिनियमचं भांडं सोड्याने काळं पडतं, म्हणून त्याला लिक्विडच बरं. बिडाचा तवा धुतल्यावर लगेच आचेवर वाळवून तेलाचं बोट फिरवा.

जंतू मारतो असं लिहिलेल्या साबणासाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी घासणीकडे पाहा. ओली, खरकटं अडकलेली घासणी हेच जंतूंचं घर. रात्री ती पिळून उभी ठेवा आणि पिवळी-हिरवी घासणी वेळेवर बदला. भांडी घासायचं लिक्विड डिशवॉशरच्या मशिनमध्ये चुकूनही घालू नका, फेस दारातून बाहेर येतो.

ताटांची परीक्षा घरी करून आमचं लिक्विड कमी पडलं, तर उरलेलं परत आणा आणि किती ताटल्या झाल्या ते सांगा. पैसे परत देऊ. बाटली भरायला आणताना विसळून पालथी घालून पूर्ण वाळवा. आत पाणी राहिलं तर नवं लिक्विड पातळ होतं आणि काही दिवसांनी त्याला वास येतो.