मुतखड्याचं काय करायचं, हे कोण ठरवतं?

सोनोग्राफीच्या कागदावर ‘डावी मूत्रवाहिनी, 8 मिमी’ असं आलं की सीमाभागातल्या घरात खलबतं सुरू होतात. निपाणीचा माणूस कोल्हापूर गाठतो, अथणी-कागवाडचा मिरजेला जातो, खानापूरचा बेळगावात येतो. एक डॉक्टर म्हणतात मशीनवर फोडू. दुसरे म्हणतात दुर्बिणीनं काढू, नळी घालावी लागेल. तिसरे म्हणतात थोडं थांबा, पडेल. शेजारच्या काकू हुलग्याचं माडगं आणि पानफुटीची पानं सांगून जातात. गंमत अशी की तिन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात. एका खड्याला इतकी खरी उत्तरं असणं ही फार जुनी गोष्ट नाही.

शतकानुशतकं प्रश्न एवढाच होता : कापायचं की नाही? सुश्रुतसंहितेत अश्मरीचे, म्हणजे मुतखड्याचे, चार प्रकार सांगितले आहेत आणि मूत्राशयातला खडा चीर देऊन काढण्याची रीतही. त्यातच एक सावध सूचना आहे. शस्त्रक्रिया टाळली तर मरण ठरलेलं, केली तर जगण्याची खात्री नाही. म्हणून वैद्यानं आधी राजाची परवानगी घ्यावी. म्हणजे विचारण्याची पद्धत होती, पण विचारायचं ते सत्तेला. हिपोक्रेटिसच्या नावानं चालत आलेल्या ग्रीक शपथेत तर वैद्य ‘मी खड्यासाठी कापणार नाही’ असंच म्हणतो आणि ते काम त्यातल्या जाणकारांवर सोडतो.

एकोणिसाव्या शतकात चित्र थोडं बदललं. अमेरिकेत बिगेलो यांनी 1878 मध्ये मूत्राशयातला खडा आतच चुरून एकाच वेळी धुऊन काढण्याची पद्धत मांडली. इंदूरच्या रेसिडेन्सीतले सर्जन कीगन यांनी ती लहान मुलांवरही वापरून दाखवली. आपल्या बाजूला याच सुमारास मिरजेला विल्यम वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं. बेळगाव आणि मिरज रेल्वेनं जोडलेले होतेच. ‘मिरजेला नेलं’ या दोन शब्दांत आजार मोठा आहे हे आजही आपल्याकडे समजतं. त्या काळी होकार बहुधा घरातला कर्ता द्यायचा आणि डॉक्टरसाहेब सांगतील ते व्हायचं. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. दुसरा मार्ग होता कुठे?

मार्ग फुटले ते अवघ्या वीसेक वर्षांत. 1976 मध्ये स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी पाठीतून बारीक वाट करून मूत्रपिंडातला खडा काढला. 7 फेब्रुवारी 1980 रोजी म्युनिकमध्ये पहिल्या रुग्णाचा खडा बाहेरूनच, आघातलहरींनी फोडला गेला. ते यंत्र विमानं बनवणाऱ्या डॉर्निअर कंपनीचं होतं आणि रुग्णाला पाण्याच्या टबात ठेवावं लागे. पुढे मूत्रमार्गातून जाणाऱ्या बारीक दुर्बिणी आल्या, नव्वदच्या दशकात लेझर आला. बेळगावात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज 1963 पासून होतंच. हळूहळू या सोयी इथंही आल्या आणि प्रत्येक खड्यासाठी पुण्या-मुंबईची वाट धरण्याची गरज उरली नाही.

इथंच रुग्णाची पसंती हा मुद्दा पुढे येतो. मूत्रवाहिनीतले 5 मिमीपर्यंतचे खडे सुमारे 68 टक्के आणि 5 ते 10 मिमीचे सुमारे 47 टक्के आपोआप पडतात, असं अमेरिकी आणि युरोपीय तज्ज्ञांनी 2007 मध्ये एकत्र मांडलं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत बाहेरून फोडण्याची तुलना दुर्बिणीशी झाली. फोडलेल्यांपैकी साधारण 22 टक्क्यांना पुन्हा उपचार लागले, दुर्बीणवाल्यांपैकी 10 टक्क्यांना. आता यातलं चांगलं कोणतं? भूल नको, नळी नको, पण दोन फेऱ्या चालतील, असं म्हणणाऱ्याला पहिलं. एकदाच काय ते होऊन जाऊ दे म्हणणाऱ्याला दुसरं. आकडे तेच, माणूस बदलला की उत्तर बदलतं. अपवाद एकच आणि तो ठळकपणे सांगायला हवा : खडा अडकलेला असताना थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर पसंतीचा विचार नंतर. आधी तातडीनं रुग्णालय.

कायदाही याच दिशेनं सरकला, जरा अडखळतच. 1982 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगानं डॉक्टर आणि रुग्णानं मिळून निर्णय घ्यावा ही कल्पना ठामपणे मांडली. भारतात 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांत मात्र शस्त्रक्रियेआधी लेखी संमती कोणाची घ्यायची याच्या यादीत पती किंवा पत्नी आधी येते, रुग्ण स्वतः शेवटी. 16 जानेवारी 2008 रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की तातडीची वेळ नसेल तर शुद्धीवरच्या, सज्ञान रुग्णाऐवजी नातलगाची सही चालत नाही आणि दुसरे उपाय कोणते आहेत तेही त्याला सांगायला हवं. तरीही मामा किंवा थोरला दीर सही करतो आणि जिच्या पोटात कळ आहे ती बाकावर बसून असते, हे दृश्य आपल्याकडे नवं नाही.

सीमाभागात यात आणखी दोन गाठी आहेत. एक भाषेची. फॉर्म कन्नड नाहीतर इंग्रजी, रुग्ण मराठी. डॉक्टर बहुतेकदा तोडकंमोडकं का होईना, मराठी बोलतात, सिस्टर तर सहज बोलतात. पण बोललेलं एक आणि सही केलेल्या कागदावर काय लिहिलंय ते दुसरं, अशी धाकधूक राहते. दुसरी गाठ योजनेची. कर्नाटकात 2018 पासून आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक ही सरकारी उपचार योजना आहे. तातडी नसलेल्या मोठ्या उपचारांसाठी आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल, म्हणजे पुढे पाठवल्याची चिठ्ठी, लागतं. 2023 मध्ये महाराष्ट्रानं महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटक सरकारनं त्याला कडक हरकत घेतली. राजकारण बाजूला ठेवलं तरी कार्ड कुठे चालतं यावर गाव ठरतं, गावावर मशीन ठरतं आणि मशीनवर उपचार. माझ्या मते रुग्णाची पसंती सगळ्यात आधी इथं मारली जाते, डॉक्टरच्या खोलीत नंतर.

सगळ्यात कमी बोललं जातं ते नळीबद्दल. 1978 च्या सुमारास आलेली ही दोन्ही टोकांना वळलेली नळी मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत आत राहते. बाहेरून काही दिसत नाही. लघवीला वारंवार जावं लागतं, जळजळ होते, चालताना कधी लघवी लालसर होते. ऊसतोडीच्या हंगामात ही नळी घेऊन मोळ्या उचलायच्या म्हणजे काय, हे आधी सांगितलं तर काहीजण हंगाम उरकून उपचार घेणं पसंत करतील, खडा तेवढी सवड देत असेल तर. उलटही होतं. त्रास थांबला की माणूस फिरकतच नाही. महिनोन्‌महिने राहिलेल्या नळीवरच खडा साचतो आणि काढणं पहिल्यापेक्षा अवघड होऊन बसतं. नळी कधी काढायची, त्या फेरीचा खर्च योजनेत धरलाय का, हे दोन प्रश्न घालायच्या आधीच विचारून घ्यावेत.

खडा पुन्हा होण्याची खोड जुनीच. इटलीत बोर्गी आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये पाच वर्षांची चाचणी प्रसिद्ध केली. रोज दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी पिणाऱ्यांत 12 टक्के जणांना खडा परत झाला, इतरांत 27 टक्के. त्यांच्याच 2002 च्या चाचणीत दूध-दही तोडणाऱ्यांपेक्षा ते नेहमीसारखं खाऊन मीठ आणि मांस कमी करणारे बरे निघाले. ‘पाणी भरपूर प्या’ हे सगळेच सांगतात. पण चिकोडीकडच्या शेतात दिवसभर भांगलण करणारी बाई मुद्दाम पाणी कमी पिते, कारण आडोसा नसतो. तिला लिटरचा आकडा सांगून उपयोग नाही. सकाळी निघण्याआधी किती, घरी आल्यावर किती, रात्री निजताना किती, हे तिच्याबरोबर बसून ठरवावं लागतं.