मीटरची लाईट कमी का होत नाही? नॉबची जुनी भानगड

मागच्या पावसाळ्यात आमच्या जुन्या डिझेल गाडीला टेम्परेचरचा वेगळा मीटर बसवला. कंपनीचा काटा यवतेश्वरच्या चढाला मधेच झोपायचा आणि इंजिन तापलंय का नाय काय कळायचं नाही. साताऱ्यात वायरमनकडं तासाभराचं काम, दिवसा मीटर झकास दिसला. रात्री कासवरनं उतरताना मात्र बाहेर धुकं आणि आत हा मीटर ट्यूबलाईटसारखा पेटलेला, त्याचा उजेड थेट समोरच्या काचेत, बाजूचे कंपनीचे मीटर बिचारे मिणमिणते हिरवे. शेवटी रुमाल टाकून झाकला आणि खाली आलो, म्हणजे ज्याच्यासाठी पैसे घातले तेच बघता येईना.

डिमरचा, म्हणजे मीटरची लाईट कमी-जास्त करायचा, नॉब फिरवला तर कंपनीचे मीटर कमी व्हायचे, हा हलायचा नाही. कारण साधं होतं, त्याची वायर पार्किंग लाईटवर जोडलेली, डिमरचा आणि त्याचा संबंधच नव्हता. म्हटलं डिमरच्या वायरवर घे. तर आता दुसरंच सुरू झालं, नॉब थोडा फिरवला की मीटर एकदम गुल, आणि कंपनीचे बल्ब मात्र पिवळे का होईना पण चालू. तिथनं मग मी या विषयात शिरलो.

आधी मीटर रात्री दिसायचे कसे? दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या आणि लष्करी गाड्यांच्या मीटरवर काट्याला, आकड्यांना खरंखुरं रेडियम घातलेला रंग असायचा, तो आपोआप चमकायचा. (आपण नंबरप्लेटच्या चमकणाऱ्या पट्टीला रेडियम म्हणतो त्यात रेडियमचा कण पण नसतो, नाव तेवढं राहिलं.) बाकी साध्या गाड्यांत तारेचा बल्बच. मीटरच्या मागं दोन-तीन वॅटचे छोटे बल्ब, त्यावर हिरवी नाहीतर निळी टोपी, म्हणजे हिरवा रंग टोपीचा, बल्ब आपला पिवळाच.

आता नॉब. तो म्हणजे रिओस्टॅट, चिनीमातीवर गुंडाळलेली तार आणि तिच्यावर घासत फिरणारा एक पत्रा. बऱ्याच गाड्यांत हेडलाईटच्या बटणातच असायचा. करंट तारेतनं जातो, थोडं व्होल्टेज तिथंच खर्च होतं, उरलेलं बल्बला मिळतं. बल्बची गंमत अशी की व्होल्टेज अर्धं केलं की उजेड अर्धा होत नाही, जवळजवळ दहाव्या हिश्शावर येतो, आणि तार कमी तापल्यामुळं रंग पण तांबूस होतो. तांबड्या उजेडानं डोळ्याची अंधारातली नजर कमी बिघडते, त्यामुळं ते रात्री सोयीचंच पडायचं. कुणी मुद्दाम ठरवलं नसेल, पण जमून गेलं. बीएमडब्ल्यूनं वर्षानुवर्षं मीटर नारिंगी ठेवले ते मात्र विचार करून.

एलईडी या सगळ्यानंतर आली. डोळ्याला दिसणारी लाल एलईडी निक होलोनियाकनं १९६२ ला जनरल इलेक्ट्रिकमधे केली. पण लाल, पिवळी, हिरवी यावर गाडं तीस वर्षं अडलं होतं, भरपूर उजेडाची निळी जमेना. ती १९९३ ला जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरानं करून दाखवली, त्यावर पिवळी फॉस्फर पूड चढवून पांढरी एलईडी झाली. २०१४ चं फिजिक्सचं नोबेल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना यासाठीच मिळालं. आज बाजारात मिळणारे मीटर बघा, बरेचसे निळे नाहीतर पांढरे. नवीन रंग हातात आला आणि सगळ्यांनी तोच ओतला, रात्री डोळ्याला सगळ्यात टोचतो तोच.

आता माझा मीटर गुल का व्हायचा ते. त्याच्या आत एलईडी होत्या. एलईडी तारेसारखी नसते, एका ठराविक व्होल्टेजच्या खाली ती पेटतच नाही. पांढरीला साधारण ३ व्होल्ट लागतात, मीटरमधे तीन एकामागोमाग जोडल्या की नऊच्या वर पाहिजेत. नॉबनं वायरवर ८ व्होल्ट ठेवले की बल्ब अजून पिवळा जळतोय आणि एलईडी केव्हाच झोपलीय.

मग मी शहाणपणा केला, कंपनीचे सगळे बल्ब काढून त्याच खोबणीत बसणारी टी१० मापाची एलईडी टाकली, म्हणजे सगळं एकसारखं. (दोन उलटी बसली म्हणून पेटलीच नाहीत, फिरवून घातली तेव्हा लागली. बल्बला दिशा नसते, हिला असते.) तर आता नॉब कितीही फिरवा, काय फरकच नाही! हिशेब केला तेव्हा डोक्यात शिरलं. धरा ३ वॅटचे सहा बल्ब, म्हणजे दीड अँपिअर, आणि रिओस्टॅट १० ओहमचा, तो त्याच करंटच्या मापानं केलेला. सहा एलईडी २० मिलिअँपिअरच्या धरल्या तर सगळ्या मिळून फक्त १२० मिलिअँपिअर, १० ओहमवर खर्च झाले जेमतेम १.२ व्होल्ट. चौदातले सव्वा गेले, एलईडीला पत्ता पण लागत नाही. नॉब बिघडला नव्हता, त्याला खायला करंटच नव्हता.

आणखी एक खोड सांगतो, यात लई जण फसतात. काही गाड्यांत, विशेषतः जपानी बनावटीच्या, डिमर अर्थिंगच्या बाजूला असतो. बाहेरचा मीटर बसवताना अर्थिंग सरळ बॉडीला मारली की डिमर बाजूला राहिला, मीटर कायम फुल्ल.

यावर तोड म्हणजे पीडब्ल्यूएम (पल्स विड्थ मॉड्युलेशन). व्होल्टेज कमी करायचंच नाही, पुरं द्यायचं पण सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून. डोळ्याला लुकलुक दिसत नाही, फक्त उजेड कमी वाटतो, आणि एलईडी आपली नऊ व्होल्टच्या वरच राहते. साधा सर्किटवाला हे ५५५ नंबरच्या टायमर चिपवर करतो, ती हान्स कामेन्झिंडनं सिग्नेटिक्स कंपनीसाठी केली, बाजारात आली १९७२ ला, आणि आजही मिळते. नव्या गाड्यांत मीटरची लाईट मुळातच अशी पीडब्ल्यूएमवर कमी-जास्त होते, त्यांना एलईडीचा त्रास होत नाही.

सांगलीत विश्रामबागला मावसभाऊ राहतो, त्याला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद. त्याच्याकडं दोन दिवस गाडी लावली आणि सगळ्या मीटरच्या लाईटला मिळून एकच पीडब्ल्यूएम बोर्ड टाकला, जुना रिओस्टॅट काढून त्याच भोकात त्याचा नॉब बसवला. तरी नवा मीटर बाकीच्यांपेक्षा उजळ होताच, म्हणून त्याच्या काचेच्या आत धुरकट फिल्मचा एक तुकडा चिकटवला. हे जुळवणं अंधारातच करायचं, गॅरेजच्या ट्यूबखाली बसून केलेलं आम्हाला रात्री मिरज रोडला परत जुळवावं लागलं. आता एकच, मोबाईलवर व्हिडिओ काढला की मीटरवर काळे पट्टे पळताना दिसतात. ते पीडब्ल्यूएमचे, मीटर खराब नाही.