दोन वायरचा व्होल्टमीटर शून्यापासून मोजत नाही

सांगलीत प्रोजेक्ट करणाऱ्या पोरांमध्ये एक समज पक्का बसलाय: छोटं डिजिटल व्होल्टमीटर मॉड्यूल 0 ते 30 व्होल्ट मोजतं, आणि दीड व्होल्टच्या सेलवर पेटलं नाही तर ते खराब. खराब काही नसतं. दोन वायरच्या मॉड्यूलला वेगळा सप्लाय नाही. जे व्होल्टेज मोजायचं, त्याच्यावरच आतली चिप आणि डिस्प्ले चालतो. म्हणून मॉड्यूलप्रमाणे साधारण अडीच ते साडेचार व्होल्टच्या खाली ही मॉड्यूल बंदच राहतात, नाहीतर भलताच आकडा दाखवतात. द्राक्षबागेतल्या फवारणी पंपाच्या 12 व्होल्ट बॅटरीवर मात्र तेच झकास चालतं.

कमी व्होल्टेज मोजायचं तर तीन वायरचं घ्या. लाल-काळी सप्लायला, तिसरी (बहुधा पिवळी किंवा पांढरी) मोजायच्या जागी. खरा घोळ होतो काळ्या वायरचा. ती दोन्हीकडे कॉमन असते, त्यामुळे सेलचं निगेटिव्हही तिलाच जोडावं लागतं. ते राहिलं की आकडे नाचतात आणि पुन्हा दोष मॉड्यूललाच! मल्टिमीटरपेक्षा आकडा थोडा वेगळा आला, तर बऱ्याच मॉड्यूलच्या पाठीवर बारीक प्रीसेट (आकडा जुळवायचा छोटा स्क्रू) असतो, तो हळूच फिरवा. घरच्या 230 व्होल्ट एसी लाइनला मात्र यातलं कुठलंच लावू नका.