हातचा सुटला तर

कापूस वेचणीच्या दिवसांत कळंब-घाटंजीकडे संध्याकाळ झाली की वावराच्या धुऱ्यावर वजनकाटा लागतो. प्रत्येक बाईच्या नावापुढे किलो लिहायचे, खाली बेरीज मारायची. गाडीतला कापूस आणि वहीतली बेरीज जुळली नाही, तर कुठेतरी आकडा चुकला हे कळतं. मात्र दोघींचे आकडे आपसात बदलले, तर बेरीज तीच राहते आणि चूक निसटते.

इंटरनेटचा चेकसम म्हणजे हीच बेरीज, तिच्या या उणिवेसकट. सेतू केंद्रात सातबारा उघडला की तो लहान लहान पॅकेटांत येतो. पाठवणारा पॅकेटमधल्या 16-16 बिटांच्या (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक) संख्यांची बेरीज करतो, तिच्यातले शून्य-एक उलटे करतो आणि सोबत पाठवतो. घेणारा तोच हिशोब करतो. जुळला नाही तर पॅकेट फेकतो. हा हिशोब ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, किंवा नेटवर्कच्या चिपमध्ये होतो. अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचाच कर्नल असतो.

गोम आहे ती हातच्यात. 16 बिटांत 65535 पर्यंतच आकडा मावतो. त्यावर गेला तर बाहेर पडलेला हातचा खाली परत मिळवायचा, असा नियम आहे. 65535, 65535 आणि 1 यांची बेरीज 131071. त्यातले 65536 गेले, एक हातचा आला, उरले 65535. हातचा मिळवला की पुन्हा 65536! म्हणजे पुन्हा एक हातचा, आणि उत्तर 1. हा दुसरा हातचा विसरलेला कोड 0 सांगेल.

पॅकेटच्या सुरुवातीला पत्ता वगैरे सांगणारा भाग असतो, तो हेडर. आयपीव्ही4 या प्रकारच्या हेडरमध्ये साधारणपणे अशा 10 संख्या असतात, म्हणून हा योग फार क्वचित येतो. हजारो पॅकेटं बिनचूक जातात, मग एखादं नाकारलं जातं. पोच न मिळाल्याने टीसीपी, म्हणजे मजकूर नीट पोचवण्याची जबाबदारी घेणारी व्यवस्था, तोच मजकूर पुन्हा पाठवतं. दुसऱ्या खेपेला हेडरमधले आकडे बहुधा बदललेले असतात, त्यामुळे तो पोचतो. आपण म्हणतो, रेंज नाही. आपल्या भागात ही चूक टॉवरच्या नावावर सहज खपून जाईल, याची मला खरी काळजी वाटते.

जाणकारही इथे फसलेत. वाटेतला प्रत्येक राउटर हेडरमधला एक आकडा घटवतो, म्हणून चेकसमही बदलावा लागतो. अख्खी बेरीज पुन्हा न करता फक्त फरक जुळवायची रीत 1990 च्या आरएफसी 1141 ने दिली (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या रीती मांडणारे क्रमांकित दस्तऐवज). या गणितात शून्याची दोन रूपं आहेत: सगळे बिट 0, किंवा सगळे 1. ती रीत कधीकधी नको ते शून्य देत होती. 1994 मध्ये आरएफसी 1624 ने ती सुधारली.

म्हणून बेरजेच्या कोडच्या चाचणीला नुसती वाटेल ती माहिती देऊन भागत नाही. अडचणीची माहिती मुद्दाम घडवावी लागते. लिनक्सच्या चेकसम चाचणीत एकदा सगळ्या बाइटांत (8 बिटांचा एक बाइट) 255 भरतात, म्हणजे हातच्यांची रांग लागते. एकदा हातचा येणारच नाही अशी माहिती देतात. लांबी विषमही ठेवतात, कारण शेवटच्या एकट्या बाइटला जोडीदार नसतो. मेमरीतली सुरुवातीची जागाही सरकवून बघतात. वेगासाठी वेगवेगळ्या प्रोसेसरांचा बेरजेचा कोड वेगळा, हाताने घासूनपुसून लिहिलेला असतो; उत्तर मात्र सगळ्यांचं एकच यायला हवं.

अशा चाचण्यांसाठीची केयुनिट ही चौकट 2020 च्या लिनक्स 5.5 पासून कर्नलमध्येच आहे. ती कर्नलला साध्या प्रोग्रामसारखं चालवते, वेगळं यंत्र लागत नाही. यवतमाळ-अमरावतीच्या कॉलेजातल्या पोरापोरींनी लिनक्स असलेल्या लॅपटॉपवर ती चालवावी, आणि बेरजेतला एक हातचा मुद्दाम काढून कोणती चाचणी ओरडते ते बघावं.