रुग्णालयीन कर्मचाऱ्यांची आपत्तीसज्जता (मुंबई)

एकाच वेळी झेपणार नाहीत इतके जखमी दारात आले, किंवा रुग्णालयावरच संकट ओढवले, तर कोणी काय करायचे हे डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय, मावशी आणि सुरक्षारक्षक यांना ठाऊक असणे आणि ते काम त्यांच्या हातून आधी होऊन गेलेले असणे, म्हणजे आपत्तीसज्जता. मुंबईत यातला ‘ठाऊक असण्या’चा भाग बऱ्यापैकी आहे, घोडे अडते ते सरावापाशी.

कॅज्युअल्टीतले पहिले काम निवडीचे, म्हणजे ट्रायाजचे. लाल पट्टी तातडीच्या उपचारांसाठी, पिवळी थोडे थांबू शकणाऱ्यांसाठी, हिरवी चालत्याफिरत्यांसाठी, काळी मृतांसाठी किंवा ज्यांची आशा उरलेली नाही त्यांच्यासाठी. रोज सर्वांत गंभीर रुग्णाला आधी हात लावण्याची सवय असलेल्या सिस्टरला काळी पट्टी बांधून पुढे सरकणे फार जड जाते. त्यात हिरवे रुग्ण टॅक्सीने, मिळेल त्या गाडीने आधी येऊन पोहोचतात आणि गंभीर जखमी येईस्तोवर खाटा भरलेल्या असतात. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत काही मिनिटांत ७ स्फोट झाले, तेव्हा रुळांलगतच्या रहिवाशांनी चादरींची झोळी करून जखमी उचलले. अशा रुग्णांसोबत ना नाव येते ना कागद. ‘अनोळखी पुरुष’ अशा नोंदी वाढू लागल्या की रक्ताच्या बाटलीवरचा क्रमांक चुकू न देणे हेही सज्जतेतच मोडते.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लोकल थांबली. मुंबईच्या रुग्णालयांचा बराचसा कर्मचारीवर्ग लोकलनेच येतो. पुढची पाळी विरार-कल्याणकडे अडकली की आधीच्या पाळीची सिस्टर रिलिव्हर येईपर्यंत वॉर्ड सोडू शकत नाही. तिच्या जेवणाची, झोपेची आणि घरी निरोप धाडण्याची सोय योजनेत नसेल, तर ती योजना अर्धीच म्हणायची.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री दहशतवादी थेट कामा रुग्णालयात घुसले. परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डातल्या २० गरोदर स्त्रियांना आतल्या पॅन्ट्रीत हलवले आणि कळा सुरू झालेल्या एकीला भिंतीच्या आडोशाने प्रसूतिगृहापर्यंत नेले. पुढे न्यायालयात कसाबला ओळखणाऱ्या साक्षीदारांत त्या होत्या. याला सज्जता म्हणावे की प्रसंगावधान? वॉर्डाची खडान्‌खडा माहिती असल्याशिवाय ते प्रसंगावधान सुचले नसते, एवढे खरे.

आगीत कसोटी आणखी वेगळी लागते. डिसेंबर २०१८मध्ये अंधेरीचे कामगार रुग्णालय आणि मार्च २०२१मध्ये भांडुपच्या मॉलमधले कोविड रुग्णालय पेटले. धुरात लिफ्ट वापरायची नसते, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण चालू शकत नाही आणि ऑक्सिजनचा पुरवठा कोणी, कोणत्या क्षणी तोडायचा हे तेव्हा विचारत बसता येत नाही.

२००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर राष्ट्रीय प्राधिकरणाने २००७मध्ये वैद्यकीय सज्जतेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. रुग्णालयांत योजना असतात, मॉक ड्रिलही होतात. पण निवासी डॉक्टर साधारण तीन वर्षांत शिक्षण संपवून जातात आणि अनुभव त्यांच्याबरोबर जातो. मागे उरतात त्या जुन्या सिस्टर आणि मावशी. ड्रिल बहुधा दिवसा, वरिष्ठ हजर असताना उरकते. रात्रपाळीची मावशी तेव्हा घरी झोपलेली असते.