रक्तवाहिन्या आणि म्हातारपणातला मेंदू

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन मात्र साधारण २० टक्के एकटाच खातो, आणि साठा करून ठेवायची सोय जवळपास नाहीच, त्यामुळे रक्त थांबलं की काही सेकंदांत माणूस बेशुद्ध. मोठी नस तुंबली की लकवा होतो, तो सगळ्यांना दिसतो. खरा घोळ बारीक नसांमध्ये होतो आणि तो वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातच येत नाही.

मेंदूच्या खोल भागात जाणाऱ्या या धमन्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. बीपी कायम चढलेलं, जोडीला शुगर, सिगरेट, कोलेस्टेरॉल असलं की त्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, आतली वाट अरुंद होते, गरजेप्रमाणे रक्त कमी-जास्त सोडणं जमेनासं होतं. मग कुठे वाटाण्याएवढा भाग मरतो, कुठे मेंदूचे भाग एकमेकांना जोडणारे तंतू झिजतात. ही झीज ओटो बिन्सवांगर या डॉक्टरांनी १८९४ मध्येच नोंदवली होती, आता ती एमआरआयवर पांढऱ्या डागांसारखी दिसते. साठीनंतर थोडेफार डाग बऱ्याच जणांना असतात, त्यामुळे नुसता रिपोर्ट वाचून घाबरू नये.

गंमत म्हणजे यात आधी स्मरणशक्ती जातेच असं नाही, आधी जातो वेग. ठाण्यात जांभळी नाक्याच्या मार्केटमध्ये बघा, आजोबांना भाजीवाल्याचं नाव, गाव सगळं पाठ असतं पण चार भाज्यांचा हिशोब करताना पाचशेची नोट हातात तशीच राहते, आणि मागून कुणी ‘काका, जरा पुढे व्हा’ म्हटलं की बेरीज परत पहिल्यापासून. एकावेळी दोन कामं जमत नाहीत, पावलं आखूड पडतात, लघवीची घाई होते, माणूस गप्प-गप्प राहतो. घरचे म्हणतात वय झालं! दरवेळी वयच असतं असं नाही, तपासून घ्यावं, बी-१२ आणि थायरॉइडसुद्धा.

डिमेन्शियात, म्हणजे स्मरण आणि विचारशक्ती ढासळून रोजची कामं जमेनाशी होतात त्या आजारात, कारणांमध्ये अल्झायमरनंतर रक्तवाहिन्यांचाच नंबर लागतो, आणि ऐंशीच्या पुढे बरेचदा दोन्ही एकत्रच सापडतात.

यात सगळ्यात हाताशी असलेली गोष्ट म्हणजे बीपी, आणि ते सत्तरीत नाही, चाळिशी-पन्नाशीतच धरायला हवं. कचराळी तलावावर सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांत पन्नाशीतले बरेच दिसतात, ते चांगलंच, पण चालतोय म्हणून गोळी बंद, हे चालत नाही. अमेरिकेतल्या स्प्रिंट माइंड अभ्यासात (२०१९) वरचं बीपी १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवायचा प्रयत्न केला तेव्हा बुद्धीची सुरुवातीची घसरण कमी लोकांत झाली, डिमेन्शियाबाबत मात्र ठोस फरक सिद्ध झाला नाही. अर्थात १२० सगळ्यांना झेपत नाही, उठून उभं राहताच चक्कर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा डोस डॉक्टरनेच ठरवावा.