व्होडकाचा दर्जा आणि किंमत : कच्च्या मालाच्या वादाची पार्श्वभूमी

एकाच आकाराच्या व्होडकाच्या दोन बाटल्यांच्या किमतींत तिपटी-चौपटीचा फरक असणे आज कुणाला खटकत नाही. परंतु हा फरक प्रामुख्याने गेल्या तीसेक वर्षांतला आहे. त्यापूर्वी चांगली व्होडका म्हणजे स्वच्छ व्होडका, एवढाच निकष होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस सेंट पीटर्सबर्गमध्ये कोळशाने मद्यार्क शुद्ध करण्याची रीत सापडली आणि 1830 मध्ये अखंड चालणाऱ्या ऊर्ध्वपातन स्तंभाचे, म्हणजे द्रव उकळून त्याच्या वाफेतून मद्यार्क वेगळा करणाऱ्या उंच नळकांड्याचे, पेटंट घेतले गेले. या दोन्हींमुळे दर्जाचा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या बराचसा सुटला. अल्कोहोलचे 40 टक्के हे प्रमाण ठरवण्याचे श्रेय आवर्तसारणीच्या जनकाला, रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हला, देण्याची प्रथा आहे, पण ते निराधार आहे. त्याचा 1865 चा प्रबंध येण्याआधीच हे प्रमाण रशियात रूढ झालेले होते.

आधुनिक कारखान्यात आंबवलेल्या रसातून आधी बाहेर पडणारे हलके घटक आणि मागे राहणारी जड, तेलकट अल्कोहोले स्तंभातच वेगळी काढली जातात व 96 टक्क्यांच्या आसपासचा निर्गंध मद्यार्क हाती येतो. 750 मिलीलिटरच्या, 40 टक्के तीव्रतेच्या बाटलीत असा मद्यार्क सुमारे 312 मिलीलिटर असतो; उरलेले जवळजवळ सगळे नंतर मिसळलेले पाणी. त्यामुळे पाण्यातील क्षार, गाळण्याची पद्धत आणि काही ठिकाणी कायद्याने मुभा असलेली किंचित साखर यांचा जिभेवरच्या स्पर्शाशी खरा संबंध आहे. बाटल्यांवरच्या ‘पाच वेळा ऊर्ध्वपातित’ या दाव्याबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. ज्या स्तंभात डझनावारी थाळ्यांवर वाफ पुन:पुन्हा थंड होऊन परत उकळते, तेथे ‘वेळा’ मोजायच्या कशा, हे बहुधा जाहिरात लिहिणाऱ्यालाच ठाऊक असावे. शिवाय साध्या ऊर्ध्वपातनाने सुमारे 97 टक्क्यांच्या पुढे जाताच येत नाही.

खरा संघर्ष झाला तो कच्च्या मालावरून, आणि तो युरोपीय संघात झाला. 1989 च्या नियमात व्होडकासाठी शेतीजन्य मद्यार्क एवढीच अट होती. तो कोणत्या पिकाचा, याला महत्त्व नव्हते. 1995 मध्ये स्वीडन व फिनलंड आणि 2004 मध्ये पोलंड व बाल्टिक देश संघात आल्यावर बळाचे पारडे बदलले. त्याच सुमारास द्राक्षांपासून केलेली एक फ्रेंच व्होडका चढ्या भावाने बाजारात आली होती, तर ब्रिटनसारख्या देशांत मळीपासून स्वस्त व्होडका कितीतरी आधीपासून बनत होती. उत्तरेकडील देशांनी मागणी केली की धान्य, बटाटा आणि साखरबीटची मळी यांखेरीज दुसऱ्या कशापासूनही बनलेल्या मद्याला व्होडका म्हणू नये. व्हिस्की व ब्रँडी यांचा कच्चा माल कायद्याने ठरलेला असताना व्होडकालाच मोकळे रान का, हा त्यांचा सवाल बिनतोड वाटतो. तरीही त्यात एक अडचण होती. व्होडकाची जी व्याख्या ते स्वतःही मान्य करत होते, तिच्यात कच्च्या मालाचे गुणधर्म कमी करणे हीच प्रक्रियेची खूण सांगितलेली होती; म्हणजे जे काढून टाकल्याबद्दल दर्जाचा मान मिळवायचा, त्याच्याच आधारे इतरांना बाहेर ठेवायचे होते. बीटची मळी चालते आणि उसाची चालत नाही, याचे रसायनशास्त्रीय समर्थन तर कठीणच होते, कारण दोन्हींतून शेवटी तोच मद्यार्क निघतो. परंपरेच्या युक्तिवादाआड शेतमालाची बाजारपेठ राखण्याचा हेतू होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

जून 2007 मध्ये युरोपीय संसदेने तडजोड स्वीकारली आणि जानेवारी 2008 च्या नियमात ती आली : कोणताही शेतीजन्य कच्चा माल चालेल, परंतु धान्य व बटाट्याखेरीज अन्य काही वापरल्यास तसे लेबलवर लिहावे लागेल. किमान तीव्रता 37.5 टक्के राहिली. 2019 च्या नव्या नियमानेही हीच चौकट कायम ठेवली. पोलंडने पुढे ‘पोलिश व्होडका’ या नावापुरती स्वतःची कडक अट घातली. त्यासाठी राई (मोहरी नव्हे, ‘राय’ हे धान्य), गहू, बार्ली, ओट, ट्रिटिकेल (गहू व राय यांचा संकर) किंवा बटाटा हेच पीक आणि तेही पोलंडमध्येच पिकलेले लागते. अमेरिकेत व्होडका ‘वेगळा स्वाद, गंध व रंग नसलेली’ असावी हे कलम दीर्घकाळ होते. 2020 मध्ये ते काढण्यात आले.

दरम्यान किमतीने आपली स्वतंत्र वाट धरली होती. 1997 मध्ये एका अमेरिकी मद्यव्यावसायिकाने फ्रेंच गव्हापासूनची व्होडका त्या वेळच्या नामवंत आयात ब्रँडपेक्षा मुद्दाम बऱ्याच चढ्या किमतीला आणली आणि 2004 मध्ये तो ब्रँड दोन अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकला. पुढच्याच वर्षी एका अमेरिकी दैनिकाने 21 व्होडकांची नावे झाकून चव घेतली, तेव्हा पहिली आली ती त्यांतली एक स्वस्त, सर्वत्र मिळणारी अमेरिकी बनावटीची. तरीही राईचा किंचित मिरमिरीतपणा आणि बटाट्याचा दाटपणा सरावलेल्या जिभेला ओळखता येतो. फरक असतो, पण किमतीतल्या फरकाएवढा क्वचितच.

भारतात उसाची मळी हा मद्यार्काचा जुना आधार आहे. 2007 मध्येच, युरोपात धान्याच्या प्रतिष्ठेवरून भांडण चालू असताना, महाराष्ट्र शासनाने धान्याधारित आसवन्यांना अनुदान देण्याचे धोरण आणले आणि खाण्याच्या ज्वारीची दारू करण्यावरून त्यावर टीकेची झोड उठली. आता भारतीय व्होडकाच्या लेबलवर ‘धान्यापासून’ हे शब्द अभिमानाने छापले जातात. आयात बाटलीवर मात्र बराच काळ 150 टक्के मूळ सीमाशुल्क आणि त्यावर राज्याचे कर लागत आले. पुण्या-मुंबईच्या दुकानात देशी आणि परदेशी व्होडकाच्या किमतींत जे अंतर दिसते, त्यातला मोठा वाटा या करांचा आहे.